होडी मोडली का?

व्हर्साल नदीतून कॅनो वल्हवत खाली आलं की कोंबल गावाच्या वळणावर उजव्या हाताला एक कडा लागतो, आणि कड्यावर एक लहानसं दगडी चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर. इथे प्रत्येक पाहुणा वल्हं थांबवून वर बघतो आणि जरा हिरमुसतो. या दरीतली घरं, गढ्या, पाणचक्क्या, अगदी कबुतरखान्यांचे मनोरेसुद्धा नदीकडे तोंड करून बसलेले आहेत. हे चॅपल मात्र नदीकडे पाठ फिरवून उभं आहे. मागच्या भिंतीला एक खिडकी होती, तीही दगडांनी चिणून टाकलेली. फोटो काढावा तर नुसती भिंत येते.

गास्तों देलमाला ही तक्रार रोज ऐकावी लागते. वळणाच्या खालच्या अंगाला त्याचा कॅनोंचा तळ आहे. वय झालंय, पण उन्हाळाभर तो लोकांना लाल-पिवळी जाकिटं चढवतो, पाण्यात सोडतो आणि संध्याकाळी खालच्या पुलावरून आपल्या खडखड्या गाडीत भरून परत आणतो. "भिंत काय बघता?" तो म्हणतो. "दार बघायचं तर पायी या. ते पायी येणाऱ्यांसाठीच आहे." जे खरोखरच पायवाट चढून येतात त्यांना तो चॅपलसमोरच्या अक्रोडाखाली बसवतो आणि ही कथा सांगतो. अर्धी छातीठोकपणे, अर्धी 'असं सांगतात' म्हणून.

फार जुनी गोष्ट. तेव्हा दरीत गाडीरस्ता नव्हता. होती ती नदी, आणि तीही एकतर्फी. वरच्या जंगलातलं ओकचं लाकूड वाइनच्या पिंपांसाठी पार समुद्राकाठच्या बंदरापर्यंत जायचं, ते सपाट बुडाच्या होड्यांतून. शरदात पाणी चढलं की होड्या सुटायच्या. खडकांवरून, भोवऱ्यांतून त्या खाली जायच्या खऱ्या, पण प्रवाहाविरुद्ध त्यांना वर आणणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं. म्हणून बंदरात माल उतरला की होडीही तिथेच मोडायची, जळण म्हणून विकायची, आणि नावाड्यांनी काठाकाठाने चालत नाताळच्या आत घर गाठायचं. 'जायला होडी, यायला पाय' अशी इथली म्हणच आहे.

त्यामुळे होडी मुद्दाम ओबडधोबड बांधत. हलकं लाकूड, लाकडी खुंट्या, फटींत कोंबलेलं शेवाळ. एक प्रवास टिकली की तिचं काम झालं. आणि निघताना प्रत्येक नावाडी होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, तळवा टेकून शपथ घ्यायचा, "ही होडी मोडेपर्यंत मी हिचा." एरवी मधल्याच एखाद्या गावी माल टाकून पसार होणारे महाभाग होते, त्यांच्यासाठी हा बंदोबस्त. शपथ मोडणाऱ्याला या दरीत कुणी दारात उभं करत नसे.

होड्या बांधणाऱ्या गिलेम सुताराची मुलगी आलिएत. आई लवकर गेली, पोर लाकडाच्या भुशातच वाढली. तिचा हात बापापेक्षा सफाईदार होता आणि जीभ हातापेक्षा धारदार, असं सांगतात. पोंस नावाच्या नावाड्याशी तिचं लग्न ठरलं होतं. उंच, अबोल गडी. त्याला पोहता येत नव्हतं. यावर पाहुणे हसतात, पण तेव्हा नावाड्यांपैकी कुणालाच पोहता येत नसे. शरदात त्याने होडी न्यायची, चालत परत यायचं आणि नाताळनंतर लग्न, असं ठरलं.

आदल्या वर्षी खालच्या खडकांत एक होडी फुटली होती आणि तिच्यातलं कुणीही चालत परत आलं नव्हतं. तेव्हापासून आलिएतने धास्ती घेतली होती. त्या वर्षी गिलेमचे सांधे धरले होते, म्हणून पोंसची होडी तिनेच बांधायला घेतली. तिने ओकच्या फळ्या निवडल्या, एकीत एक अशा बसवल्या की नखही शिरू नये. शेवाळाऐवजी काथ्या आणि डांबर भरलं. एकेक खुंटी स्वतः तासली, स्वतः ठोकली. म्हातारा काठी टेकत बघायला आला.

"हे काय चालवलंयस?"

"होडी बांधतेय."

"ही होडी नव्हे, हे घर झालं. पोरी, तिला एकदाच जायचं असतं. जन्मभर टिकेल अशी होडी बांधू नये."

"तो बसणार आहे तिच्यात, बाबा."

म्हातारा आला तसा काठी टेकत परत गेला.

पाणी चढलं. पोंसने नाळेवर हात ठेवून शपथ घेतली आणि हसून म्हणाला, "इतकी देखणी होडी मोडायला लावणार मला?"

"मोडायची आणि चालत यायचं," आलिएत म्हणाली. वळणाआड होडी दिसेनाशी होईपर्यंत ती काठाने धावत राहिली.

नाताळच्या तोंडावर नावाडी परतले, सुजलेल्या पायांनी. त्यांत पोंस नव्हता. त्यांचा म्होरक्या आर्नो टोपी हातात घेऊन तिच्या दारात आला. होडी खडकांतून ओरखडाही न पडता गेली होती. बंदरात बाकीच्या होड्या मोडल्या, पण हिच्याभोवती व्यापारी घिरट्या घालू लागले, तिच्या फळ्यांवर टकटक करून बघू लागले. ही मोडायची? वेडबिड लागलंय का? एकाने ती अखंडच विकत घेतली. आता ती खाडीपलीकडच्या बेटांवर पिंपं पोचवत होती. होडी शाबूत, म्हणजे शपथही शाबूत. पोंस तिच्याबरोबर राहिला.

"पण सुखरूप आहे हो तो," आर्नो म्हणाला. आलिएतला त्या शब्दाचा जन्मभर राग राहिला.

मग दर नाताळला ती पायवाटेवर उभी राहू लागली. येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारायची, "होडी मोडली का?" आणि उत्तरही एकच यायचं, "नाही गं. कालच बांधल्यासारखी आहे."

तिची पंचाईत बघा. चर्चमध्ये नावाड्यांच्या संत निकोलासमोर गुडघे टेकले तरी मागायचं काय? होडी मोडू दे म्हणावं, तर तो तिच्यातच बसलेला. टिकू दे म्हणावं, तर तो यायचा नाही. दुसऱ्या बायकांना निदान प्रार्थना तरी करता येत होती. हिला तीही करता येईना. शेवटी तिने देवाकडे काही मागितलंच नाही, उलट स्वतःच बोलून बसली: तो पायी येईपर्यंत मी नदीचं तोंड बघणार नाही.

कड्यावर तिची झोपडी होती. नदीकडची खिडकी तिने स्वतःच्या हाताने चिणली. दार पायवाटेच्या बाजूला काढलं. पाणी आणायला कडा उतरायचं सोडून ती वरच्या झऱ्यावर जाऊ लागली. नदीलाही ते झोंबलं म्हणे. पाणी चढलं की ती भिंतीमागून पोंसच्या आवाजात हाक मारायची, "आलिएत, आलिएत!" आलिएत जागची हलायची नाही, पण तिच्या हातातली भाकरी तशीच राहायची. तिला तो हवा होता. त्याचे मोठे पाय, त्याचं न बोलणं, सगळं हवं होतं, आणि वर्षं जात होती.

स्थळं येत राहिली, मग यायची थांबली. गिलेम गेला. आर्नोही म्हातारा झाला. एका नाताळला परतल्यावर तो तिच्या दारात बसला आणि म्हणाला, "आलिएत, आजवर बोललो नाही, आता बोलतो. तो व्यापारी केव्हाच थकला. मोडायची तर मोड म्हणतो, माझी हरकत नाही. पोंस रोज कुऱ्हाड हातात घेतो आणि परत ठेवतो. म्हणतो, हिची खुंटी न् खुंटी तिने ठोकली आहे. तिच्या हातचं माझ्यापाशी एवढंच आहे, ते तोडू कसं?"

आलिएत आधी हसली, मग खूप रडली. मग आत जाऊन तिने आपली कुऱ्हाड आणली, जिने त्या खुंट्या तासल्या होत्या तीच. "पुढच्या खेपेला ही त्याला दे," ती म्हणाली. "म्हणावं, मी बांधली, मीच मोडतेय. हात तेवढे तुझे लाव."

शरदात आर्नो शेवटच्या खेपेला निघाला. सगळं गाव काठावर होतं, एकटी आलिएत पायवाटेकडे तोंड करून बसली होती. नाताळला नावाडी परतले, पोंस नव्हताच. बर्फ पडलं, वितळलं. अक्रोडाला पालवी फुटत होती तेव्हा वाटेवर कुणीतरी दिसलं. खांद्यावर एक लांब जड फळी, त्यामुळे पाठीत वाकलेलं. केस पांढरे. चालीवरून तिला ओळखू येईना. तो दारात आला, थांबला.

"होडी मोडली का?" तिने विचारलं.

"मोडली," पोंस म्हणाला. "एवढी एक फळी मोडवेना."

तिने फळीवरून हात फिरवला, खुंट्यांची भोकं चाचपली. मग म्हणाली, "ठेव खाली. आपल्याला उंबरठा नाहीये."

खिडकी मात्र तिने पुन्हा उघडली नाही. पोंसने विचारलं तर म्हणाली, आता तिकडे बघायचं काय राहिलंय? दोघांना एकत्र किती वर्षं मिळाली ते कुणी सांगत नाही. गास्तोंला विचारलं तर तो म्हणतो, "पुरली नाहीत." त्यांच्यामागे गावाने त्या झोपडीचं चॅपल केलं.

आजही चॅपलला तोच काळपट उंबरठा आहे. येणाऱ्यांच्या पावलांनी मधोमध झिजलाय, पण भोकं अजून बोटाला लागतात. आजही शरदात कोंबलचे लोक एक ओबडधोबड होडी बांधतात, खालच्या पुलापाशी नेऊन मोडतात आणि एकेक ढलपी हातात घेऊन पायवाटेने चालत घरी येतात. उंबरठ्यापाशी म्हातारी मंडळी वाट बघत असतात. "होडी मोडली का?" "मोडली, चालत आलो." परगावाहून कुणी घरी आलं तरी कोंबलमध्ये आधी हेच विचारतात, ख्यालीखुशाली नंतर.

गास्तोंची मुलगी क्लेमांस तिकडे माँट्रियलला असते. हुशार पोर. शिकवण्यात त्याने काही कमी केलं नाही, आणि आता तिचं तिथे छान बस्तान बसलंय. रविवारी तिचा फोन येतो. गास्तों अक्रोडाखाली बसून तो घेतो.

"काय गं, होडी मोडली का?"

"नाही, पप्पा," ती हसते. "कालच बांधल्यासारखी आहे."

"छान, छान," गास्तों म्हणतो. फोन खिशात ठेवतो, केरसुणी घेतो आणि उंबरठ्यावर पडलेली अक्रोडाची पानं झाडून काढतो.