अग्नीचा त्रिकोण

एका राज्यात हिवाळा सरेनासा झाला. तेथील राजा प्रतर्दन. त्याच्या दरबाराचा रिवाज असा, की प्रत्येक वस्तूचे टोक सिंहासनाकडे असावे. पताकेचे, शंखाचे, विड्याच्या पानाचेसुद्धा.

थंडीवर उपाय म्हणून पश्चिमेकडचा ऑरेलियन नावाचा किमयागार आला. त्याने सिंहासनासमोर जमिनीवर आडव्या बसवलेल्या शिळेवर त्रिकोण कोरला. शेंडा राजापासून दूर, दाराकडे. मग दाराशी उभा राहून तो म्हणाला, "महाराज, आपल्या जागेवरून शेंडा वर दिसतो. ही अग्नीची खूण. लॅटिन भाषेतले तिचे नाव उच्चारा, राज्यभर ऊब येईल."

"शेंडा माझ्याकडे फिरव."

"मग आपल्याला तो खाली दिसेल. ती पाण्याची खूण."

"पाहुण्यांना अजून रिवाज कळायचे आहेत," प्रधान म्हणाला. दरबार हसला.

पाथरवटांनी शिळा फिरवली. किमयागाराला वेशीबाहेर घालवले. तो तेथेच गोठून मेला. त्या क्षणी राज्यातली प्रत्येक चूल विझली. शिळेला हात लावणाऱ्याचा हात बर्फ होऊ लागला. राजकन्या वेत्रवती अंथरुणात निळी पडत चालली.

राजा एकटाच वेशीवर गेला. प्रेताच्या छातीवर टिटवी बसली होती.

"काय महाराज, वाजते का थंडी?"

"माझी मुलगी मरते आहे."

"मग तीन कामे कर. याच्या ओठांतून ते नाव घे. याला स्वतःच्या हातांनी पूर. आणि हा उभा होता तिथे, दाराशी, जोड्यांजवळ जाऊन बस. तिथून शेंडा वर दिसतो. राजा तिथून पाहील तोवर आग राहील."

"किती काळ?"

"मरेपर्यंत. नंतर गादीवर येईल त्यानेही तिथेच बसायचे."

राजाने प्रेताच्या ओठांशी कान नेला. "इग्निस," मेलेले ओठ म्हणाले आणि मिटले.

जमीन दगडासारखी गोठलेली होती. राजाने ती खणली, तेव्हा त्याच्या बोटांना नखे उरली नाहीत. मग तो परतला, जोडे बाजूला सारून दाराशी बसला आणि ते नाव उच्चारले. त्रिकोण लाल झाला. घराघरांत चुली पेटल्या. छपरांवरचे बर्फ गळू लागले.

सायंकाळी वेत्रवती घोंगडी ओढत आली.

"बाबा, इथे काय बसलात? वर चला ना."

"इथून बरे दिसते, बाळ."

ती त्याच्या मांडीवर बसली. दोघे त्या खुणेकडे पाहत राहिले. पुढे ही जागा तिचीच आहे, हे मात्र त्याने त्या दिवशी तिला सांगितले नाही.