मधल्या टाक्याचा पहिला घोट

वाळणवाडीच्या मागे जो डोंगर उभा आहे, त्याच्या खांद्यावरून एक वाट जाते. पाच दिवसांची. कोकणातून वर चढायचं, माथ्यामाथ्याने रानातून चालायचं आणि देशावर धारवडला उतरायचं. मध्ये गाव नाही, वस्ती नाही, गुराख्याचं खोपटसुद्धा नाही. वर्षाकाठी दहा माणसंही आता तिच्यावरून जात नाहीत. दुसऱ्या दिवसाच्या शेवटी कातळात कोरलेलं एक पाण्याचं टाकं लागतं. त्याला मधलं टाकं म्हणतात. त्याच्या अलीकडे-पलीकडे दीड-दीड दिवस पाण्याचा थेंब नाही, त्यामुळे सगळी वाट या एका टाक्यावर टांगलेली.

या टाक्याचा एक रिवाज आहे. वाळणवाडीत कोणी वाट विचारायला आलं तर त्याला नुसतं तोंडाने सांगत नाहीत. सांगणाऱ्याच्या घरातलं कोणीतरी त्या हंगामात स्वतःच्या पायांनी टाक्यापर्यंत जाऊन आलेलं असावं लागतं, तिथलं पाणी आणावं लागतं, आणि ते विचारणाऱ्यांच्या समोर सांगणाऱ्याने आधी प्यावं लागतं. मग वाट.

आम्ही चौघे दिवाळीनंतर तिथे गेलो ते ही वाट चालायची आखणी करायला. नकाशा होता, इंटरनेटवर कोणीतरी टाकलेली माहिती होती, शिधा किती, मुक्काम कुठे, याची यादी होती. टाक्यात पाणी आहे का, एवढंच विचारायचं राहिलं होतं. लोकांनी आम्हाला चिंधूबाबा भवारींच्या अंगणात नेऊन बसवलं. वय ऐंशीच्या घरात, अंगाने काटक, आवाज हळू.

"सून वर गेलीय," ते म्हणाले. "उद्या दुपारपातुर येईल. तवर बसा."

आमच्यातला शिरीष घाईचा माणूस. त्याने मोबाइल पुढे केला. "बाबा, यात लिहिलंय, बारमाही पाणी आहे म्हणून."

"लिवणारा गेलता?"

"गेला असेल ना."

चिंधूबाबा उठले, अंगणाच्या कडेला जाऊन पचकन थुंकले आणि परत येऊन बसले. "तुमच्यावर न्हाई थुकलो," ते म्हणाले. "त्या 'असेल'वर थुकलो."

मग त्यांनी गोष्ट सांगितली. ती त्यांच्याच घराने सांगायची असा नेम आहे, कारण ज्याच्यामुळे ती घडली तो मालजी त्यांचा पूर्वज. त्याचं नाव घेताना दर वेळी त्यांचे ओठ असे मुडपत होते, की जणू काही नासकं जिभेवर आलं आहे.

फार जुना काळ, असं सांगतात. तेव्हा वाळणवाडीची माणसं सुकी मासळी आणि मीठ डोक्यावर घेऊन याच वाटेने देशावर जात आणि येताना बाजरी आणत. सोयरिकीही तिकडच्या होत्या. दर वर्षी पाऊस सरला की पहिला तांडा निघण्याआधी एक माणूस पुढे जाऊन वाट बघून यायचा. दरड कुठे कोसळली, ओढ्याने पायवाट कुठे खाल्ली, आणि मुख्य म्हणजे मधल्या टाक्यात पाणी कसं आहे. तो येऊन देवळापुढे सगळं सांगायचा आणि त्याच्या शब्दावर गाव ठरवायचं, की भाकऱ्या किती बांधायच्या, पाण्याचे तुंबे किती घ्यायचे, पोरंबाळं न्यायची की नाहीत. तुंबा म्हणजे वाळल्या भोपळ्याचं पाण्याचं भांडं. भरला की जड होतो, म्हणून लागतील तेवढेच न्यायचे.

हा वाट बघायचा मान तीन पिढ्या मालजीच्या घरात होता. गावजेवणात पहिलं पान त्याचं. आणि मालजी बोलायचा असा गोड, म्हणे, की त्याने दरड सांगितली तर ऐकणाऱ्याच्या अंगावर दगड पडल्यासारखं वाटावं.

त्या वर्षी मालजी निघाला आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी परतला. पाय चिखलाने माखलेले, हातावर काट्यांचे ओरखडे. देवळापुढे बसून त्याने सगळी वाट वळणावळणाने सांगितली. टाक्यापाशी आला तेव्हा त्याने डोळे मिटले. "काठोकाठ," तो म्हणाला. "आणि निवळ असं, की तळाचा खडान् खडा दिसतो."

त्याची थोरली बहीण ठकू तिथेच बसली होती. ठकू विधवा होती आणि तिला जनी नावाची एकच लेक. जनी पावसाच्या आधीपासून माहेरी राहिलेली, सहा महिन्यांची गरोदर, तिला परत धारवडला सासरी पोचवायचं होतं. सगळे उठून गेल्यावर ठकू भावाजवळ आली.

"मालजी, पोरीला नेऊ का? तिच्या अंगावर वझं नको. तू म्हणशील तर पुढच्या महिन्यात नेईन."

"ने गं आक्का. एकेक तुंबा पुरं. टाक्यावर गेलीस की पोट फुटंस्तवर पी."

एकोणीस माणसं निघाली. एकेकच तुंबा घेऊन. त्या वर्षी कार्तिकातलं ऊन चैत्रासारखं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारीच तुंबे संपले. तरी कोणी घाबरलं नाही, कारण पुढे टाकं होतं. लोक एकमेकांना मालजीच्या आवाजात सांगत होते, की तळाचा खडा दिसतो.

टाकं दिसायच्या आधी त्याचा वास आला.

आम्हाला वाटलं, पुढचं चिंधूबाबा सांगणार नाहीत. पण हे टाळायचं नाही असाही नेम असावा. कारण त्यांनी नाकाला धोतराचा सोगा लावला आणि मग सांगितलं.

पावसाच्या सुरुवातीला कधीतरी एक गवा टाक्यात पडला होता. टाक्याच्या भिंती उभ्या, त्याला वर येता आलं नव्हतं. चार महिने तो त्यात कुजत होता. टाकं काठोकाठ भरलेलं होतं, मालजीचं तेवढं खरं निघालं. पण वर काळी, तेलकट साय धरली होती, तीत केसांचे पुंजके तरंगत होते आणि कडेला अळ्यांचा असा थर होता, की पाणीच हलतंय असं वाटावं. मधोमध एक शिंग वर आलेलं, त्यावर माश्या.

मागे फिरावं तर दीड दिवस. पुढे जावं तरी दीड दिवस. घसे सोललेले. बायांनी लुगड्याचे पदर नऊ-नऊ पदरी करून त्यातून पाणी गाळलं. फडक्यावर जे राहिलं ते झटकून पुन्हा गाळलं. काहींनी चूल पेटवून ते उकळायला ठेवलं, तर वाफेने वास दुप्पट झाला आणि उकळायची वाट बघण्याइतका धीर कोणाला नव्हता. नाक दाबून, डोळे मिटून प्यायले. प्यायले आणि ओकले, आणि ओकल्यावर पुन्हा तहान लागली म्हणून पुन्हा प्यायले. जनीला पिववेना. तेव्हा ठकूने तिचं डोकं मांडीवर घेतलं. "पोटातल्यासाठी पी," असं म्हणत तिने स्वतःच्या हाताने तिच्या तोंडात ते पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी सगळे तसेच पुढे निघाले, पण कोसभर जातात तोच जुलाब लागले. तिसऱ्या दिवशी माणसं वाटेवर आडवी होऊ लागली. सात जण गेले. जनी चौथी गेली. ठकूही तेच पाणी प्यायली होती, ती का वाचली हे तिलासुद्धा कधी कळलं नाही. रानातच दगड रचून त्यांना माती दिली आणि उरलेले बारा माघारी फिरले. सुदैवाने टाक्याच्या अलीकडे एका झाडाच्या ढोलीत पावसाचं थोडं पाणी सापडलं, त्यावर ते जगले. पण त्याआधी, टाक्यावरून जाताना, ठकू एकटी खाली वाकली आणि तिने आपला तुंबा त्या घाणीने भरून घेतला.

पहिल्या मुक्कामाच्या जागी वाटेपासून जरा आत एक कपार आहे. जाताना तिकडे कोणी पाहिलं नव्हतं. येताना सावलीला म्हणून आत शिरले, तर तिथे चार दिवसांच्या चुलीची राख होती, पानांचं अंथरूण होतं, मोहाच्या दारूचा रिकामा तुंबा होता. तुंब्याच्या गळ्याला बांधलेली गोंड्याची दोरी ठकूने ओळखली. तिनेच ती वळून भावाला दिली होती.

गाव देवळापुढे जमलं. सात घरांतून रडणं चालू होतं. मालजीही आला आणि सगळ्यांत मोठ्याने रडला. म्हणाला, "मी बघितलं तवा निवळ होतं रे! मागनं पडला असंल गवा."

ठकूने तुंब्याचं बूच काढलं आणि तो त्याच्यापुढे ठेवला. वास पसरला तसे लोक मागे सरले, पोरं ओकायला लागली. ती मात्र जागची हलली नाही.

"चार दिसांत गवा असा होतो?" ती म्हणाली. "तू बघितलंस ना हे पाणी? काठोकाठ म्हणालास ना? घे. पी."

मालजीने तुंबा उचलला, असं सांगतात. ओठांपर्यंत नेला. मग त्याच्या हातातून तो सुटला, अर्धं पाणी त्याच्याच मांडीवर सांडलं आणि तो तिथेच भडभडून ओकला. ओकता ओकता म्हणाला, "मी गेलोच न्हाई."

"का?" कोणीतरी विचारलं.

"वाट दरसाल तीच तर असती. म्हटलं, रोज रोज काय बघायची."

एवढंच कारण. वैर नव्हतं, भीती नव्हती, लोभ नव्हता. "कायतरी मोठं पाप असतं तर बरं होतं," चिंधूबाबा आम्हाला म्हणाले. "निदान सांगायला तरी बरं वाटलं असतं. आळस! आळसापायी सात माणसं. शी!"

लोक दगड घेऊन उठले. ठकूने त्यांना अडवलं. तिला दया आली होती असं कोणी समजू नये. ती म्हणाली, "ह्याला हात लावू नका, तुमचे हात बाटतील. ह्याला टाकं साफ करू दे."

मग भाऊ आणि बहीण असे दोघेच वर गेले. तिने त्याला कुदळ दिली नाही, बादली दिली नाही, हातांनी उपस म्हणाली. मालजी त्या पाण्यात गळ्यापर्यंत उतरला. गव्याचं मांस हातात घेतलं की गळून पडत होतं. हाडं एकेक करून वर आणली. मग ओंजळीओंजळीने पाणी, मग गाळ. तो ओकायचा, कडेवर डोकं टेकून रडायचा, आणि ठकू वरून खाली बघून म्हणायची, "अजून हाय." दुसरा शब्द नाही. वारा जिकडे वाहायचा त्या बाजूला, वास येईल अशाच जागी ती बसायची, म्हणे. अकरा दिवस चाललं हे, पिण्याचे तुंबे गावातून कोणीतरी आणून दुरूनच ठेवून जाई. अकराव्या दिवशी तळाचा कातळ दिसला आणि कातळाच्या भेगेतून सुतासारखी एक धार आत येऊ लागली. तो झरा त्याआधी कोणालाच ठाऊक नव्हता. गाळाखाली कधीपासून बुजला होता कोण जाणे.

ओंजळभर पाणी साचल्यावर ठकू म्हणाली, "आधी तू." मालजी प्यायला. ती दिवसभर त्याच्याकडे बघत बसली. संध्याकाळी तो जिवंत होता, तेव्हा तीही प्यायली आणि दोघे खाली आले.

गावाने तेव्हाच ठरवलं, की वाट बघायचं काम मालजीच्या घराकडेच राहील, पण पुढे कायम, सांगण्याआधी त्या घराने पाणी आणायचं आणि प्यायचं. गावजेवणातलं पहिलं पान मात्र गेलं.

मालजीच्या हाताचा वास शेवटपर्यंत गेला नाही, असं सांगतात. राखेने घासला, शेणाने घासला, लिंबाच्या पाल्यात बुडवून ठेवला. घास तोंडाशी नेला की त्याला उमासे यायचे. त्याची बायको भाकरी दुरून सरकवायची आणि तोंडावर पदर घेऊन आत जायची. वाळून तो काटकी झाला, तेव्हा ठकू रोज येऊन त्याला भरवू लागली. मरेपर्यंत भरवलं. पण त्या सगळ्या वर्षांत ती त्याच्याशी बोलली नाही आणि घास देताना तिने तोंड दुसरीकडे फिरवलेलं असायचं.

"माफ केलं होतं का मग तिने?" मी विचारलं.

"छ्या," चिंधूबाबा म्हणाले. "माफ कशाला करंल? भाऊ होता म्हणून जगवला. येवढंच."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची सून हौसाबाई आली. पन्नाशीची बाई, पाय पोटऱ्यांपर्यंत ओरखडलेले. एका हातात पाण्याचा कॅन, दुसऱ्या हातात गोणपाटाची पिशवी. पिशवी तिने अंगणाबाहेर उपडी केली. चिप्सची पाकिटं, बाटल्या, आणि लहान मुलाचा एक वापरलेला डायपर. टाक्याच्या कडेला होतं, आत पडलं नव्हतं, ती म्हणाली, आणि हात धुवायला गेली. किती तरी वेळ धूत होती. ती घाण आमची नव्हती, तरी आम्ही उठून ती पुन्हा पिशवीत भरली.

आजही वाळणवाडीत वाट अशीच सांगतात. हौसाबाईने कॅनमधलं पाणी पेल्यात ओतलं. ते स्वच्छ होतं, पेल्याचा तळ स्पष्ट दिसत होता. आधी ती प्यायली. मग चिंधूबाबांनी पेला दोन्ही हातांत धरला, डोळे घट्ट मिटले. घोट घेताना त्यांच्या गळ्याची शीर ताणली, तोंड वेडंवाकडं झालं, एकदा उमासा आला, तो त्यांनी दाबला आणि घोट गिळला.

"पाणी चांगलं आहे ना, बाबा?" शिरीषने घाबरून विचारलं.

"गोड हाय," ते म्हणाले. त्यांनी तोंड पुसलं. "आमच्या घरातल्याला असंच होतं. माझ्या बापालाबी व्हायचं."

मग त्यांनी आमचा नकाशा बाजूला सारला, मातीत बोटाने पहिलं वळण काढलं आणि वाट सांगायला सुरुवात केली.