विणकराच्या घरची भांडी

पूर्वी गोदावरीच्या काठच्या एका नगरात अरिंदम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका कासाराच्या कुळात जन्माला आला. त्याचे नाव सुघोष ठेवले होते. मोठा झाल्यावर तो बापाच्या दुकानात बसू लागला. तांब्याची, पितळेची, काशाची भांडी तो विकत असे. त्याचे माप खरे होते आणि बोलणे थोडे होते.

त्याला एकच सवय होती. विकलेले भांडे पुढे कुठे जाते, त्यात काय शिजते, त्यातून कोण पाणी पिते, याचे त्याला कुतूहल वाटे. गिऱ्हाईक गेल्यावरही तो बराच वेळ रस्त्याकडे पाहत राही. त्याची बायको विपुला त्याला हसत असे. भांडे गेले, पैसे आले, आता त्या भांड्याच्या मागे कशाला जायचे, असे ती म्हणे.

त्या नगरात एक रीत होती. नवे भांडे घरात आले की ते आधी चुलीकडे न्यायचे नाही. घरातल्या सर्वांत वडील माणसाच्या पुढे ते ठेवायचे. त्या माणसाने बोटाच्या पेराने ते वाजवायचे आणि ‘भरलेलं राहो’ असे म्हणायचे. मग आळीतल्या मुलांना गूळ वाटायचा. रीत चांगली होती. तिच्यामुळे म्हाताऱ्या माणसांना आपली घरात गरज आहे असे वाटे.

त्याच नगरात सोमिल नावाचा विणकर राहत होता. त्याच्या हाताला कसब होते. त्याचे वस्त्र अंगठीतून पार होई असे लोक सांगत. दर पौर्णिमेला त्याला कामाचे पैसे मिळत, आणि पैसे मिळाले की दुसऱ्या दिवशी तो सुघोषाच्या दुकानात येई. कधी वाटी नेई, कधी तांब्या, कधी परात. घासाघीस करीत नसे. भांडे दोन्ही हातांनी उचलून कानाजवळ धरी, हलकेच वाजवून पाही, आणि हसतमुखाने घेऊन जाई.

सुघोषाला याचे नवल वाटू लागले. सोमिलाच्या घरात तीनच माणसे होती. तो, त्याची बायको चंपा आणि त्याची म्हातारी आई रोहिणी. तीन माणसांना इतकी भांडी कशाला लागतात? घरी पाहुणे फार येत असतील का? की कुणा भाचीच्या लग्नाची तयारी चालली असेल? की हा भांडी दुसऱ्या गावी नेऊन विकतो? सुघोषाने एकदा विचारलेही. सोमिल लाजला आणि घरी लागतात एवढेच बोलला. विपुला म्हणाली, तुम्हाला चांगले गिऱ्हाईक मिळाले आहे तर ते सोडून त्याची चौकशी कसली करता?

असे दिवस गेले. एका वर्षी पाऊस सरला, वाटा सुकल्या, आणि उत्तरेकडून व्यापाऱ्यांचा तांडा आला. सुघोषाच्या दुकानात तेव्हा तांब्याचा एक मोठा हंडा होता. तो फार दिवस पडून होता. एवढे मोठे भांडे घेणारा कुणी भेटत नव्हता, आणि सुघोषाचे बरेच पैसे त्यात अडकले होते. सोमिल आला तो थेट त्या हंड्यापुढे जाऊन उभा राहिला. या वेळी चंपाही बरोबर आली होती, पण ती आत न येता पायरीशीच थांबली.

हंड्याची किंमत नऊ कार्षापण होती. कार्षापण म्हणजे तेव्हाचे नाणे. सोमिलाने कमरेची पिशवी सोडली आणि नाणी काढून फळीवर ठेवली. पिशवी रिकामी झाली. विपुला आत उभी राहून पाहत होती. तिचा चेहरा उजळला.

तेव्हा पायरीवरून चंपा हळू आवाजात म्हणाली, “अहो, वैद्य आलेत म्हणे तांड्याबरोबर.”

सोमिल तिच्याकडे न पाहता म्हणाला, “पुढच्या साली.”

सुघोषाचा नाण्यांकडे गेलेला हात थांबला. त्याने दोघांना बसायला सांगितले, पाणी दिले, आणि कोणता वैद्य असे विचारले. मग हळूहळू सारे बाहेर आले. रोहिणीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. तिला उजेड आणि अंधार एवढेच कळत होते. तांड्याबरोबर येणारा वैद्य सुईने मोतीबिंदू दूर करीत असे. त्याचे मोल बारा कार्षापण होते. तो कार्तिकी पौर्णिमेपर्यंत राही आणि मग दक्षिणेला जाई. मागच्या साली तो आला तेव्हा सोमिलाच्या हातात काही नव्हते. त्याच्या आधीच्या सालीही नव्हते. या साली पावसाळ्यात राणीवशाचे काम मिळाले, म्हणून नऊ तरी साठले होते.

“मग नऊ घेऊन तू हंडा घ्यायला आलास?” सुघोषाने विचारले. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते.

सोमिल म्हणाला, “बाराला तीन कमी पडतात, दादा. पुरतच नाहीत तर ठेवून काय करू? घरात ठेवले की असेतसे जातात. त्यापेक्षा हंडा नेतो. आई वाजवील. तिला डोळ्यांनी दिसत नाही, पण कानांनी ऐकू येतं. नवं भांडं वाजवताना ती हसते. महिन्यातून तेवढंच काय ते हसते.”

आता सुघोषाला उमगले की वाट्या, तांबे आणि पराती कुठे जात होत्या. पण त्याचे कुतूहल एवढ्याने शमले नाही. त्याला वाटले, हा मुलगा म्हणतो तशी ती म्हातारी खरेच भांड्यालाच हसते का? आणि हे तिला आजवर कुणी विचारले आहे का?

तो चटकन उठला. सोमिलाची नाणी त्याने गोळा करून त्याच्याच पिशवीत घातली. हंडा आधी घरी नेऊ, आईच्या हाताने वाजवून होऊ दे, मग पैशांचे पाहू, असे तो म्हणाला. इतकी भांडी त्या घरात गेली, पण आईचे वाजवणे आपण कधी पाहिले नाही, म्हणून आपणही बरोबर येतो, असेही म्हणाला. सोमिलाला आनंद झाला. दोघांनी दोन बाजूंनी हंडा धरला. विपुला दारात येऊन शेजारणीला म्हणाली, “बघ गं, पैसे न घेता हंडा चालला, आणि हंड्याबरोबर दुकानदारही चालला.”

सोमिलाचे घर लहान होते. मागाच्या खोलीतून आत गेले की एका भिंतीला खालपासून वरपर्यंत फळ्या होत्या आणि त्यांवर भांडी मांडली होती. घासूनपुसून ती लखलखत होती. सुघोषाला प्रत्येक भांडे ओळखू आले. त्यातल्या बहुतेकांना कधी चूल लागलेली नव्हती. चुलीजवळ मात्र तीन मातीची मडकी होती, आणि रोजचे जेवण त्यांतच होत होते.

रोहिणी भिंतीला टेकून सुताच्या कांड्या चाचपत बसली होती. सोमिलाने तिच्यापुढे हंडा ठेवला आणि तिचा हात धरून त्याच्या गळ्यावर नेला. आपण काय आणले, ते केवढे मोठे आहे, हे तो भरभर सांगत होता. म्हातारीचे तोंड त्याच्या बाजूला वळले. तिने पेराने हंडा वाजवला. आवाज घरभर घुमला. ती हसली आणि म्हणाली, “भरलेलं राहो.” दारात जमलेल्या मुलांना चंपाने गूळ वाटला.

मुले गेल्यावर सुघोष म्हातारीजवळ बसला. आपण कोण ते त्याने सांगितले. मग म्हणाला, “माई, एक विचारू? मागच्या परातीचा आवाज चांगला होता की या हंड्याचा?”

म्हातारीला हसू आले.

“खरं सांगू का बाबा? तुझ्या धंद्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मला सगळी भांडी सारखीच वाजतात. हा दारातून येतो ना, तेव्हा याच्या बोलण्यात आनंद असतो. मी तो ऐकते. म्हणून हसते.”

सुघोषाने विचारले, “आणि डोळ्यांनी दिसावं असं वाटत नाही?”

“वाटतं की. न वाटायला काय झालं?” म्हातारी म्हणाली. “पण वैद्याचं इथे कुणी बोललं नाही, म्हणून मीही बोलले नाही. सबंध दिवस मागावर वाकून बसतो माझा मुलगा. भांडी घ्यायची एकच हौस आहे त्याला. ती मी कशाला मोडू?”

सोमिल उभा होता तो खाली बसला. “मला?” तो म्हणाला. “आई, मला भांड्यांची हौस?”

चंपाने पदर तोंडाला लावला. ती रडत होती की हसत होती ते कळत नव्हते. म्हातारी दोघांच्या दिशेने मान वळवून ऐकत होती आणि काय झाले ते तिला समजत नव्हते.

सुघोष काही शिकवायला बसला नाही. जे कळायचे ते त्या घरात ज्याला त्याला कळले होते. बाराला तीन कमी होते, एवढाच प्रश्न होता. सोमिल उठून फळीकडे गेला आणि ही भांडी परत घेतोस का असे त्याने विचारले.

तेव्हा सुघोषाने धंद्यातली गोष्ट त्याला सांगितली. भांडे विकताना आम्ही धातूची किंमत घेतो आणि वर घडणावळ, म्हणजे घडवण्याची मजुरी, घेतो. भांडे एकदा दुकानाची पायरी उतरले की घडणावळ गेली. परत आणले तर ते मोड ठरते, आणि मोडीला नुसत्या धातूचा भाव मिळतो. ‘एका वाटीने काय होते’ असे प्रत्येक गिऱ्हाईक म्हणते, पण दर वाटीमागे एवढे जाते. सोमिल हे ऐकत राहिला. आजवर त्याला हे कुणी सांगितले नव्हते, आणि त्यानेही विचारले नव्हते.

“पण तुझी घडणावळ मी परत देतो,” सुघोष म्हणाला. “तू विचारलं नाहीस, तसं मीही आधी नीट विचारलं नाही. दर महिन्याला तू येत होतास आणि मी नुसता रस्त्याकडे बघत होतो.”

त्याने सोमिलाला तीन कार्षापण दिले, तेवढ्यापुरतीच भांडी वेगळी काढली आणि ती हंड्यात घालून हंडा डोक्यावर घेतला. तो दुकानात परतला तेव्हा विपुलेने हंड्यात वाकून पाहिले. विकायला नेले होते ते परत आले होते, आणि आधी विकलेलेही परत आले होते. ती म्हणाली, असा धंदा केला तर आपण खायचे काय? सुघोषाने तिला सारे सांगितले. मग तिने एक फडके घेतले आणि परत आलेल्या वाट्या पुसून फळीवर मांडायला लागली.

दुसऱ्या दिवशी वैद्य रोहिणीकडे आला. त्याने तिला उजेडाकडे तोंड करून बसवले आणि दोन्ही डोळे पाहिले. तो म्हणाला, उजवा डोळा येईल. डाव्याला उशीर झाला आहे. मागच्या साली बोलावले असते तर तोही आला असता. सोमिलाने हे ऐकले. त्याची नजर भिंतीवरच्या फळ्यांकडे गेली आणि तो मान खाली घालून आईचे हात धरायला बसला.

सुई झाली, पट्टी बांधली. वैद्याने सांगितले होते तेवढे दिवस म्हातारी उताणी पडून राहिली. पट्टी सोडायच्या दिवशी सुघोष आणि विपुला दोघेही आले. वैद्याने पट्टी उलगडली. म्हातारी प्रथम डोळा मिटूनच होती. मग तिने तो उघडला. समोर भिंत होती. भिंतीवर तांबे, पितळ आणि कासे उन्हाने चमकत होते. ती त्या फळ्या खालून वर आणि वरून खाली पाहत राहिली.

“सोमिला,” ती म्हणाली, “अरे, आपण दुकान कधी घातलं?”

सोमिल म्हणाला, “तुझ्यासाठीच घेतली गं सगळी.”

“मला एक तांब्या पुरतो,” म्हातारी म्हणाली. मग तिने त्याची हनुवटी धरून त्याचे तोंड आपल्या उजव्या डोळ्यासमोर वळवले आणि ते पाहत बसली. तिला कुणी घाई केली नाही.

त्या दिवसापासून सुघोष आपल्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारी. हे घरी नेलेत तर घरातले काय राहून जाईल? काही लोक विचारात पडून परत जात. काही रागावून दुसऱ्या दुकानात जात. कुणी म्हणे, काही राहून जात नाही, जुने तपेले फुटले आहे, नवे हवेच आहे. त्याला सुघोष चांगले पाहून तपेले देई. त्याचा धंदा कमी झाला आणि पुन्हा पूर्वीइतका वाढला नाही. पण दोघांचे पोट भरत होते. तो मोठा हंडा पुढे एका धर्मशाळेने घेतला. वाटसरूंसाठी पाणी भरून ठेवायला त्यांना तो लागतच होता.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवनाच्या विहारात सांगितली ती तिष्य नावाच्या एका उपासकामुळे. तिष्य रोज बाजारातून घरच्यांसाठी काही ना काही घेऊन जाई आणि हाती काही उरत नाही म्हणून कुरकुर करी. कथा सांगून झाल्यावर शास्ते म्हणाले, “तेव्हाचा विणकर म्हणजे आज मागे बसलेला हा तिष्य. म्हातारी रोहिणी म्हणजे त्याची आताची आई. चंपा म्हणजे त्याची बायको. वैद्य म्हणजे आपला जीवक. विपुला म्हणजे राहुलमाता. आणि तो कासार मीच होतो.”

त्या संध्याकाळी तिष्य बाजारात न थांबता घरी गेला. आईने विचारले, आज काही आणले नाहीस का? तो तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, “नाही. तुला काय हवं ते विचारायला आलोय.”

देण्याआधी विचारावे आणि घेण्याआधी थांबावे, हेही शहाणपणच आहे. त्या जन्मात बोधिसत्त्वाने जी पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला न्यायचा गुण, पाळली ती ही, प्रज्ञेची.