कस्तुरी घोडीचा जबाब

एका राज्यात घोडा कापून खायला मनाई नव्हती. मात्र सुरी लावण्याआधी त्याला तीनदा विचारावे, आणि तो राजी असेल तरच कापावा, असा कायदा होता. घोड्यांची भाषा दरबारातल्या साळुंकीला येई. ती ऐके आणि सांगे, "राजी आहे." शंभर वर्षांत एकही घोडा नाही म्हणाला नव्हता. असे समजूतदार घोडे दुसऱ्या कुठल्याच राज्यात नाहीत, असे लोक छाती फुगवून सांगत. दर होकारामागे साळुंकीला मेलेल्या घोड्याच्या वाट्याचे हरभरे मिळत, हे मात्र कोणी सांगत नसे.

राजा कीर्तिवर्म्याने एक लढाई जिंकली. ज्यांच्या पाठीवर बसून ती जिंकली, त्यांतले म्हातारे चाळीस घोडे त्याने मेजवानीसाठी कापवले. कायद्याने सारे चोख झाले होते. दुसऱ्या दिवसापासून ज्याने ज्याने ते मांस खाल्ले, त्याला आडवे होता येईना. पाठ टेकली की गुडघे आपोआप ताठ होत आणि माणूस उभा राही. राजा खांबाला टेकून पेंगू लागला, प्रधान भिंतीला.

शेवटी रानातल्या कंकाळी जादूगारणीला बोलावले. ती म्हणाली, "राजा, चाळिसांनी नाही म्हटले होते. एका घोड्याचा खरा जबाब माणसाच्या कानाने ऐक आणि तो पाळ. मग झोपशील."

"म्हातारी बहिरी आहे," साळुंकी म्हणाली.

कापायच्या घोड्यांच्या यादीत पुढचे नाव कस्तुरी घोडीचे होते. त्याच लढाईत तिचा पुढचा पाय मोडला होता. नाल ठोकणाऱ्या हैबतीने तिला शिंगरू असल्यापासून वाढवले होते, आणि कस्तुरी नाहीच म्हणेल याची त्याला खात्री होती. तो पुढे आला.

"महाराज, मी घोड्यांचे बोलणे शिकतो. पण तिने नकार दिला तर तिला जगू द्या."

"दिला शब्द," राजा म्हणाला.

कंकाळीने तीन कामे सांगितली. पहिल्या दिवशी हैबतीने तोंडात लगाम धरून चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी पाठीवर खोगीर आणि खोगिरावर प्रधान घेऊन तो गडाच्या पायऱ्या चढला. प्रधान चांगला गलेलठ्ठ होता. तिसऱ्या दिवशी गळ्यात दोर घालून, कोणी सोडेपर्यंत खुंट्याशी उभे राहायचे होते. केव्हा सोडतील हे त्याला सांगितले नव्हते. हेच सर्वांत अवघड गेले. दोर सुटला तेव्हा त्याला घोडे बोलताना ऐकू येत होते.

भर दुपारी कस्तुरीला दरबारात आणले. ती तीन पायांवर लंगडत आली.

राजाने विचारले, "कस्तुरी, तू मरायला राजी आहेस?"

"राजी आहे!" साळुंकी ओरडली.

"महाराज, ती अजून बोललीच नाही," हैबती म्हणाला.

राजाने साळुंकीला पिंजऱ्यात घालायला लावले आणि दुसऱ्यांदा विचारले. घोडीने मोडका पाय जमिनीला टेकवून पाहिला आणि पुन्हा उचलला. तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा ती हैबतीकडे वळून म्हणाली, "हा पाय आता सोसवत नाही, हैबती. तुझ्या हाताने मला मोकळे कर. पण मला कोणाच्या ताटात वाढू नकोस."

हैबतीने ती नाही म्हणाली असे सांगितले असते, तर त्या घडीला कोणालाही कळले नसते. घोडी जगली असती, दुखत का होईना. त्याने पिंजऱ्यातल्या साळुंकीकडे पाहिले, आणि तिच्यासारखे बोलायला निघालो होतो याची त्याला लाज वाटली.

"राजी आहे, महाराज," तो रडत म्हणाला. "पण तिचे मांस खायचे नाही, पुरायचे."

"तसेच होईल," राजा म्हणाला. सिंहासनावरून उतरून त्याने घोडीचे डोके स्वतः मांडीवर घेतले. हैबतीने सुरी चालवली.

कस्तुरीने डोळे मिटले आणि शाप सुटला. राजा तिच्या मानेवर डोके टेकून झोपला, प्रधान पायरीवर, मानकरी जिथे होते तिथे. त्या घोरण्यात एकटा हैबती खड्डा खणत राहिला.

साळुंकीची नेमणूक रद्द झाली. मेजवानीसाठी घोडा कापणे कायद्याने बंद झाले. वेदनेत असलेल्या घोड्याला विचारायचे काम हैबतीकडे आले. त्याने जन्मभर पुष्कळ घोड्यांना विचारले. मोडक्या पायांचे, आंधळे, म्हातारे. त्यांतले बहुतेक नाही म्हणाले, आणि आपल्या मरणाने मेले.