पाण्याचा थेंबही नाही

"पण अक्का, भूल घ्यायचीच कशाला?"

मोरेश्वरबुवा कीर्तनकार इस्पितळाच्या खाटेवर हिरवा झगा घालून बसले होते. आडव्या उगवलेल्या अक्कलदाढेखाली जबड्यात गाठ झाली होती, ती आज काढायची होती. ज्या तोंडाने पंचवीस वर्षं गावोगाव कीर्तनं गाजवली, ते एका बाजूने टम्म सुजलं होतं.

शेजारी स्टुलावर त्यांच्या गुरू, ऐंशीच्या म्हाळसाक्का, वाती वळत होत्या.

"दुखंल की रं," अक्का म्हणाल्या.

"दुखू दे. पंचवीस वर्षांत एक माळ चुकली नाही माझी. भूल घेतली की दोन तास मुखात नाम नाही. आणि तेवढ्यात काही बरंवाईट झालं तर... नामाशिवायच जायचं?"

बोलणं मोठं होतं, पण हातातली माळ त्यांनी घट्ट आवळून धरली होती. बुवा मनातून पार घाबरले होते.

अक्का वाती वळत राहिल्या...

भूल देणाऱ्या डॉक्टर नसीम मुजावर कागद घेऊन आल्या. "कवळी आहे? हलणारा दात? माळ काढून ठेवावी लागेल, बुवा. आणि रात्रीपासून काही खाल्लं-प्यायलं नाहीत ना?"

"पाण्याचा थेंबही नाही!" बुवा ताठ झाले. "आम्हाला उपास शिकवता? दर एकादशी निर्जळी असते माझी."

डॉक्टरांनी कागदावर खूण केली.

अक्कांनी वाती बाजूला ठेवल्या. पदराचं टोक बुवांच्या मिशीवरून फिरवलं आणि डॉक्टरांपुढे धरलं. टोकाला पांढरट, चिकट असं काहीतरी लागलं होतं.

"ह्ये काय रं?"

"ते... पूजेचं पंचामृत. सकाळी घेतलं, वाटीभर. आज जरा जास्तच घेतलं, राखण होईल म्हणून. पण ते काय खाणं आहे का, अक्का? तीर्थ ते!"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "दूध, दही, तूप... बुवा, भुलीत हे पोटातून वर येऊन फुप्फुसात गेलं असतं, तर तुम्हाला परत आणणं माझ्या हातात राहिलं नसतं. आज नाही. उद्या करू."

बुवांना घाम फुटला. ज्या मरणाची धास्ती घेतली होती, त्याची सोय त्यांनी स्वतःच, सोवळ्यात केली होती.

अक्का उठल्या आणि नातीच्या वयाच्या त्या डॉक्टरांपुढे दोन्ही हात जोडून वाकल्या.

"तू इचारलंस पोरी, म्हणून मी बघितलं."

दुसऱ्या दिवशी बुवांनी खरोखरच थेंबही घेतला नाही. माळ स्वतःहून काढून अक्कांच्या हाती दिली.

"या मण्यापर्यंत आलोय. पुढचं तुम्ही कराल ना?"

अक्कांनी तो मणी चिमटीत धरला.

आत डॉक्टर म्हणाल्या, "आकडे मोजा. नाहीतर नाम घ्या, तेही चालेल."

बुवांनी तीनदा नाम घेतलं...

डोळे उघडले तेव्हा तोंडात कापसाचे बोळे होते. उशाशी डॉक्टर होत्या, बोटं बुवांच्या नाडीवर. दोन तास त्या जागच्या हलल्या नाहीत, असं नर्सने सांगितलं. बुवांना भरून आलं. बोलता येईना, म्हणून त्यांनी डॉक्टरांचा हात घेऊन कपाळाला लावला. इतके उपकार आजवर कुणाचे मानले नव्हते, हे त्यांना त्या घडीला कळलं आणि लाजही वाटली.

अक्का आत आल्या तसा त्यांनी खुणेने कागद मागितला. वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, 'दोन तास नाम कोणी घेतलं?'

अक्कांनी चष्मा चढवून सावकाश वाचलं. मग हात पुढे केला. माळ तशीच होती, चिमटीत तोच मणी.

"कुणीच न्हाई," अक्का म्हणाल्या. "तरी श्वास चालूच हुता बघ."