चांदीचा चिमटा

एका गावात शांतवन नावाचे पाळक होते. माणूस सरळ मनाचा, पण सोवळ्यातल्या भटजीलाही मागे टाकील इतका टापटिपीचा. "देव मनाने ओळखायचा, कातडीने नव्हे," असं ते नेहमी सांगत.

त्या गावच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या रविवारी पाळक भाकरीचा तुकडा प्रत्येकाच्या हातात देत. शांतवन पाळकांना ते खटकू लागलं. पवित्र वस्तूला माणसाचा घामट हात कशाला लावायचा? त्यांनी शहरातून चांदीचा चिमटा आणवला. तेव्हापासून ते चिमट्याने तुकडा उचलत आणि समोरच्या ओंजळीत वरून सोडत. गावाला त्याचा कोण अभिमान! असा चिमटा शहरातल्या चर्चमध्येही नाही, असं चर्चची पंच मंडळी पाहुण्यारावळ्यांना ऐकवत.

ईस्टरच्या सकाळी केराआजी आली. मोठ्या दुखण्यातून उठली होती, चिमट्याचं तिला काही ठाऊक नव्हतं. डोळे गेले होते, कानांनीही जेमतेम ऐकू येई. "एकदा प्रभूची भाकर खाते, मंग खुशाल जाते," असं म्हणत ती सुनेचा हात धरून आली होती. रांगेत तिची पाळी आली. तिने ओंजळ पुढे केली. तुकडा वरून पडला.

तिने ओंजळ तशीच पाळकांपुढे परत धरली.

पंचांपैकी आशीर्वादराव तिच्या कानाशी लागून म्हणाले, "आजी, खा लवकर. माणसं खोळंबलीत."

"न्हाई खायची," आजी म्हणाली. "ल्हानपणी आमाला पानी बी वरनं वतायचे, भाकर बी वरनंच टाकायचे. कुनाचं बोट लागलं न्हाई कधी. मंग ह्या देवळात आले. तवाच्या पाळकबाबानं माजा हात धरून भाकर दिली. तवा पैल्यांदा वाटलं, देव हाय. आता तुमी बी वरनंच टाकता व्हय?"



पाळकांच्या ओठांवर उत्तर तयार होतं. पावित्र्य, स्वच्छता. दोन्ही खोटं नव्हतं. पण त्या ओंजळीकडे पाहताना त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी चिमटा मेजावर ठेवला आणि आजीचा हात हातात घेतला. हात खरखरीत होता, गरम होता. तुकडा तिच्या तळव्यावर ठेवून त्यांनी तिची बोटं मिटवली. दुसऱ्या हाताने आजीने त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि तशीच उभी राहून भाकर खाल्ली.

"हां," ती म्हणाली, "आला माजा प्रभू."

मग ज्यांचं भोजन आधीच उरकलं होतं, ती माणसं एकेक करून उठली आणि पुन्हा रांगेत येऊन उभी राहिली. सगळ्यांत पुढे आशीर्वादराव होते. एकाच दिवशी दोनदा भाकर घ्यायची रीत नव्हती. पाळकांनी कुणालाही परत पाठवलं नाही.

तात्पर्य: देव आत्मा आहे हे खरंच, पण माणसाला तो जिभेला कळतो, हाताला कळतो. देवाचं दान द्यायचं, तर माणसाला शिवायला कचरू नये.