मरव्याच्या पानाखालची गाठ

निळ्याशार तळ्याकाठी, हिरव्या टेकडीच्या कुशीत एक मोगऱ्याची वाडी होती. तिथे बकुळा नावाची चिमुकली मुलगी फुलं ओवायची. तिची आई अंथरुणाला खिळलेली. घरात कधी भाकरी असे, कधी नुसतंच पाणी. पण पोर अशी लाघवी, की आपल्या अर्ध्या भाकरीतलाही तुकडा मोडून शेजारणीला द्यायची.

वाडीत दरवर्षी देवीसाठी लांबच लांब हार होई. प्रत्येकाने आपला तुकडा ओवायचा आणि शेजारच्या तुकड्याला गाठ मारायची. पण मुकादम भारी तापट! सैल गाठ दिसली की असे ओरडत, की तळ्यातली बदकंसुद्धा दचकत. गाठ पुन्हा घट्ट करायला दुसऱ्याने दोरा धरावा लागे, म्हणजे चूक उघडी पडणार. म्हणून ज्याची गाठ सैल राही, तो गुपचूप तिच्यावर मरव्याचं पान खोचे. हार दिसायचा कसा हिरवापांढरा, झोकदार! आणि देवीच्या गळ्यात पडताच तुटायचा.

वाडी होती राणीची. यंदा तिने बजावलं, "आता हार तुटला, तर वाडी बंद." मुकादम पगडी सावरत तरातरा निघून गेले. त्यांच्या जागी बसायला कोणी धजेना.

"नको गं बाई, बोलणी कोण खाणार?" हौसामावशी म्हणाली. "बकुळे, तूच हो मुकादम. तू सगळ्यांची लाडकी."

वा रे मोठी माणसं! एवढंसं पोर पुढे केलं.

उत्सवाच्या सकाळी बकुळा मोगऱ्याच्या झुडपाआड बसून मुसमुसत होती. तेवढ्यात एक टपोरी कळी हलकेच उमलली. आत अंगठ्याएवढी परी! गुलाबी पंखुले, चंदेरी झगा, केसांत दवाचे इवले इवले मणी.

"रडू नकोस, सोनुले. एक इच्छा माग. नियम एवढाच, जे मागशील त्याची सुरुवात तुलाच करावी लागेल."

कधीच न तुटणारा सोनेरी दोरा मागावा, असं बकुळेला वाटलं. पण मग पुन्हा तीच भीती आणि पुन्हा तीच पानं. तिने डोळे पुसले.

"परीताई, आमच्या वाडीत कुणालाही चूक लपवावीशी वाटू नये."

परी गोड हसली. "मग जा, आधी तुझं पान उचल."

आदल्या दिवशी आईच्या काळजीत बकुळेची एक गाठ सैल राहिली होती, आणि तिनेही पान खोचलं होतं. कबूल केलं तर राणीच्या कानावर जाईल आणि काम जाईल. मग आईचं औषध कुठून यायचं?

तरी ती गेली. सगळ्यांसमोर उभी राहिली आणि तिने पान उचललं.

"मावशी, ही माझी गाठ सैल आहे. मी घाबरले आणि झाकून ठेवली. मला मदत कराल?"

मग हौसामावशी उठली आणि तिने बकुळेची गाठ घट्ट केली. मग हळूच म्हणाली, "माझीपण बघ गं. तिकडच्या टोकाची."

"बरं झालं सांगितलंत, मावशी! धरा दोरा," बकुळा म्हणाली. मग काय, जो तो आपलं पान उचलू लागला. बकुळा प्रत्येकाजवळ बसली. कुणाला रागावली नाही, कुणाला हसली नाही. केवढं मोठं मन त्या एवढ्याशा मुलीचं! बघता बघता वाडीत गाणी सुरू झाली.

हार देवीच्या गळ्यात पडला. सगळ्यांनी श्वास रोखले. आरती झाली, सूर्य मावळला, तरी हार तस्साच! राणीने वाडी तर राखलीच, शिवाय बकुळेच्या आईसाठी आपला वैद्य पाठवला. थोड्याच दिवसांत आई दारात बसून लेकीची वाट बघू लागली.

बकुळा धावत परीकडे गेली. "परीताई, तुम्ही केवढी जादू केलीत!"

"मी कुठे? मी तर नुसती कळीत बसले होते," परी म्हणाली. तिने बकुळेच्या गालाची पापी घेतली, गर्रकन गिरकी घेतली आणि सोनसळी उजेडात दिसेनाशी झाली.

वाडीतला मरव्याचा वाफा नेहमी ओरबाडलेला असायचा. त्या वर्षी तो पहिल्यांदाच गुडघाभर वाढला.